बाळंतपण दवाखान्यात, पैसे आईच्या खात्यात: सोलापूर जिल्ह्यातल्या खेड्यांसाठी

सुनेला दिवस गेल्याचं कळलं की घरात आधी ठरतं ते बाळंतपण सासरी करायचं की माहेरी. कागदांचा विषय निघतो सातव्या-आठव्या महिन्यात. तोवर एका हप्त्याची मुदत निघून गेलेली असते. सरकारी दवाखान्यात बाळंत होणाऱ्या खेड्यातल्या बाईला मिळणाऱ्या पैशांत मेहेरबानी कुणाचीच नाही, तो तिचा हक्क आहे. पण ते पैसे पोटातल्या बाळाच्या महिन्यांच्या हिशोबाने येतात आणि हा हिशोब पहिल्या तीन महिन्यांतच सुरू होतो. ज्या घरात पहिल्यांदाच बाळंतपण आहे, किंवा गावात नुकतंच आशा, अंगणवाडी मदतनीस किंवा बचतगटाचं काम हाती घेतलेलं कुणी आहे, त्यांच्यासाठी हे टप्प्याटप्प्याने लिहिलं आहे.

कोणते पैसे, कोणाला

दोन योजनांची नावं सारखी एकत्र घेतली जातात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पहिली जननी सुरक्षा योजना. ही एप्रिल 2005 पासून आहे आणि ती थेट दवाखान्यातल्या बाळंतपणाशी बांधलेली आहे. महाराष्ट्रात ती तीनच गटांतल्या बायकांना लागू होते: अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि दारिद्र्यरेषेखालचं कुटुंब. खेड्यातल्या बाईला 700 रुपये, शहरातल्या बाईला 600. दारिद्र्यरेषेखालची बाई घरीच बाळंत झाली तर 500. सरकारी दवाखान्यात तज्ज्ञ डॉक्टर उपलब्ध नसताना सिझेरियन करावं लागलं तर त्या खर्चासाठी 1500 रुपयांपर्यंतची वेगळी तरतूद आहे. पूर्वी वयाची आणि दोन बाळंतपणांची अट होती, ती 2013 मध्ये काढली. त्यामुळे तिसऱ्या खेपेला 'आता तुम्हाला मिळत नाही' असं कुणी म्हणालं तर ते जुन्या माहितीवर बोलत आहेत.

मोबाईलवरच्या व्हिडिओंमध्ये याच योजनेचे 1400 रुपये सांगितले जातात. तो आकडा खरा आहे, पण उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थानसारख्या राज्यांतल्या खेड्यांसाठी. त्या राज्यांत दवाखान्यातली बाळंतपणं कमी होती म्हणून तिथे रक्कम जास्त ठेवली आणि सगळ्या जातींच्या, सगळ्या उत्पन्नगटांच्या बायकांना ती लागू केली. आपल्याकडे 700च. यावरून नर्सबाईंशी भांडण्यात वेळ घालवू नका.

दुसरी प्रधानमंत्री मातृ वंदना योजना. हिची रक्कम मोठी, आणि ती जातीपुरती मर्यादित नाही. पहिल्या अपत्यासाठी 5000 रुपये दोन हप्त्यांत: गर्भारपणाची नोंद आणि किमान एक तपासणी शेवटच्या पाळीपासून सहा महिन्यांच्या आत झाली की 3000, आणि बाळाची जन्मनोंद व साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी पूर्ण झाल्या की 2000. दुसरं अपत्य मुलगी असेल तर 6000 रुपये एकरकमी, जन्मानंतर. दुसरा मुलगा झाला तर या योजनेतून काही नाही. 1000, 2000, 2000 असे तीन हप्ते सांगणारे संदेश अजून फिरतात. ती रचना 1 एप्रिल 2022 पासून बदलली.

मातृ वंदनासाठी यांपैकी एक गोष्ट असली तरी पुरते: कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांखाली, अनुसूचित जाती-जमातीचा दाखला, 40 टक्के किंवा जास्त अपंगत्व, दारिद्र्यरेषेखालचं किंवा अन्नसुरक्षेचं रेशनकार्ड, आयुष्मान कार्ड, ई-श्रम कार्ड, रोजगार हमीचं जॉबकार्ड, किंवा बाई स्वतः किसान सन्मान निधीची लाभार्थी असणं. गरोदर आशाताई, अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांनाही मिळतात. सरकारी नोकरीत पगारी रजा घेणाऱ्या बाईला मिळत नाहीत. बाळंतपण कुठे झालं याच्याशी या योजनेचा संबंध नाही, खाजगीत झालं तरी ती मिळते. जननी सुरक्षेचे 700 रुपये मात्र सरकारी किंवा मान्यताप्राप्त दवाखान्यातच.

म्हणजे मोहोळ तालुक्यातल्या अनुसूचित जातीच्या पहिलटकरणीला 5000 आणि 700, असे 5700 मिळायला हवेत. दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तर 6700.

तिसरी गोष्ट फार घरांना ठाऊक नसते. नवरा किंवा बाई स्वतः बांधकामावर जात असेल आणि इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी चालू असेल, तर साध्या बाळंतपणाला 15,000 आणि सिझेरियनला 20,000 रुपये मिळतात, दोन जिवंत अपत्यांपर्यंत. 'चालू' हा शब्द महत्त्वाचा. नोंदणी दरवर्षी नवी करावी लागते, आणि मागच्या वर्षभरात 90 दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं. सेंट्रिंग, गवंडीकाम, फरशी, रंगकाम करणाऱ्या घरांत हे कार्ड असतं पण संपलेलं असतं. पाचव्या महिन्यात काढून तारीख बघा.

पहिले बारा आठवडे

पाळी चुकून पंधरा दिवस झाले की आशाताईला सांगा. लघवीच्या तपासणीची पट्टी तिच्याकडे असते. खात्री झाली की उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात नोंद होते, बारा अंकी आरसीएच क्रमांक (आई-बाळाच्या सरकारी नोंदीचा क्रमांक) पडतो आणि माता व बाल संरक्षण कार्ड मिळतं. हे कार्ड म्हणजे पुढच्या सगळ्या पैशांची किल्ली. लाभार्थी जननी सुरक्षेच्या गटात बसत असेल तर त्याच वेळी तशी नोंद करून घ्या आणि कार्डावर शिक्का किंवा उल्लेख आहे ना ते पाहा.

नोंदणीच्या वेळी शेवटच्या पाळीची तारीख विचारतात. आपल्याकडे तारीख लक्षात नसते, सण लक्षात असतो: पोळ्याच्या आदल्या दिवशी, मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारी, अमावास्येनंतर दोन दिवसांनी. असंच आठवा आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या दिवसाची इंग्रजी तारीख शोधून कार्डावर लिहायला लावा. अंदाजाने एक तारीख ठोकून देऊ नका. बाळंतपणाची तारीख याच तारखेवरून काढतात (नऊ महिने सात दिवस मिळवायचे), तपासण्यांचे महिने यावरूनच ठरतात आणि संगणकावर मातृ वंदनाची मुदतही यावरूनच मोजली जाते. महिनाभर मागची तारीख पडली तर सहा महिने प्रत्यक्षात पाच महिन्यांतच संपतात.

तपासण्या किमान चार: पहिली बारा आठवड्यांच्या आत, दुसरी 14 ते 26 आठवड्यांत, तिसरी 28 ते 34 मध्ये, चौथी 36 नंतर. दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते; एक तरी तपासणी या दिवशी करून घ्या. प्रत्येक वेळी वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि लघवीची तपासणी कार्डावर लिहिली गेली का ते तिथेच वाचा. रकाना रिकामा राहिला तर कागदोपत्री तपासणी झालीच नाही.

लोहाच्या गोळ्या 180, कॅल्शियमच्या 360. लोहाची एक रोज, कॅल्शियमच्या दोन रोज, पण एकाच वेळी नाही. कॅल्शियम लोह अंगी लागू देत नाही, आणि चहाही देत नाही. रात्रीच्या जेवणानंतर तासाभराने लोहाची गोळी पाण्याबरोबर घ्यायची, वर लिंबाचं सरबत चालतं. शौचाला काळं होतं, मळमळतं, म्हणून बायका गोळ्या फडताळात ठेवून देतात. काळं होणं नेहमीचंच आहे, त्याला घाबरू नका. मळमळ फार असेल तर नर्सबाईंना सांगा, गोळी बंद करू नका. हिमोग्लोबिन 7 च्या खाली गेलं तर ती जोखमीची बाई. तिचं बाळंतपण मोठ्या दवाखान्यातच व्हायला हवं.

कागद

एका प्लास्टिकच्या पिशवीत हे ठेवा: माता-बाल कार्ड, बाईचं आधार, बाईच्या एकटीच्या नावावरचं पासबुक, रेशनकार्ड, जातीचा किंवा दारिद्र्यरेषेचा दाखला, सगळ्यांच्या तीन-तीन झेरॉक्स. मातृ वंदनासाठी नवऱ्याचं आधार आता सक्तीचं नाही, त्यामुळे एकटी राहणाऱ्या किंवा टाकलेल्या बाईलाही फॉर्म भरता येतो.

रेशनकार्डाबद्दल नीट समजून घ्या. पिवळं कार्ड दारिद्र्यरेषेखालचं, अंत्योदयचंही पिवळंच. नुसत्या केशरी कार्डावर जननी सुरक्षेचे पैसे मिळत नाहीत, पण त्याच केशरी कार्डावर अन्नसुरक्षेचा शिक्का असेल आणि धान्य मिळत असेल तर मातृ वंदनाला ते चालतं. पिवळं कार्ड नसेल पण कुटुंब दारिद्र्यरेषेच्या यादीत असेल, तर ग्रामपंचायतीतून यादीतल्या क्रमांकासह दाखला घ्या. क्रमांक नसलेला दाखला परत येतो.

जातीचा दाखला बाईच्या माहेरच्या नावाचा असतो, कारण जात वडिलांकडून लागते. सासरच्या नावाचा नवा दाखला काढायच्या मागे लागू नका. माहेरचा दाखला आणि सोबत विवाह नोंदणी प्रमाणपत्र, एवढं पुरतं. लग्नाची नोंद केली नसेल तर ग्रामपंचायतीत आताच करून टाका.

नाव आणि खातं: पैसे अडतात ते इथे

तपासण्या झाल्या, बाळंतपण सरकारी दवाखान्यात झालं, बाळ गुटगुटीत आहे आणि पैसे मात्र आले नाहीत, अशा बहुतेक घरांत कारण एकच निघतं: आधारवर एक नाव, पासबुकावर दुसरं आणि माता-बाल कार्डावर तिसरं.

आधारवर 'सुनीता भीमराव कांबळे', म्हणजे माहेरचं. पासबुकावर 'सुनीता अनिल गायकवाड'. माता-बाल कार्डावर आशाताईने गावात हाक मारतात ते 'राणी' लिहिलेलं. इंग्रजी स्पेलिंगमध्ये आधारला 'नी'ला डबल ई, बँकेत आय. माणसाला ही एकच बाई दिसते. संगणकाला तीन दिसतात.

उपाय असा. आधार हाच पाया धरा. आधारवर जे नाव, जे स्पेलिंग, तेच माता-बाल कार्डावर, तेच मातृ वंदनाच्या फॉर्मवर. आशाताई कार्ड भरत असताना आधार तिच्यासमोर ठेवा, तोंडी नाव सांगू नका. पासबुकावरचं नाव वेगळं असेल तर बँकेत आधार आणि विवाह प्रमाणपत्र देऊन खात्यातलं नाव आधारप्रमाणे करून घ्या, हे सोपं पडतं. आधारवरचंच नाव बदलायचा विचार असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा: आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि नवं नाव लागायला महिनाभर जाऊ शकतो. दिवस गेल्यावर नाव बदलायचंच असेल तर पहिल्या दोन महिन्यांत. नंतर हात लावू नका, बाळंतपण आणि दोन्ही हप्ते होऊन जाऊ द्या.

आता खात्याचं. 'आधार लिंक आहे' असं बँकेत म्हणतात तेव्हा त्याचे दोन अर्थ असतात. एक, खात्याच्या केवायसीला, म्हणजे ओळखीच्या कागदांना, आधार जोडलेलं आहे. दुसरा, सरकारी अनुदान याच खात्यात यावं (यालाच डीबीटी म्हणतात) म्हणून एनपीसीआय या बँकांच्या मधल्या संस्थेच्या यादीत हे खातं नोंदवलेलं आहे; यालाच आधार सीडिंग म्हणतात. पहिलं असून दुसरं नसलं तर पैसे येत नाहीत. बँकेत जाऊन नेमकं विचारा: 'डीबीटीसाठी आधार सीडिंग झालंय का?' नसेल तर संमतीचा फॉर्म भरून द्या. मोबाईल आधारला जोडलेला असेल तर माय आधार संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' मध्ये कोणत्या बँकेचं खातं जोडलंय ते घरबसल्या दिसतं.

एका आधारवर अनुदानासाठी एकच खातं जोडलेलं राहतं, आणि ते शेवटी जोडलेलं. गावात पोस्टाच्या बँकेचं खातं काढायला शिबिर आलं, सिमकार्ड घेताना दुकानदाराने पेमेंट बँकेचं खातं उघडलं, अंगठा दिला, आणि जुन्या बँकेऐवजी अनुदान तिकडे वळलं, असं होतं. बाई जुन्या पासबुकात एंट्री मारून बघते आणि पैसे आले नाहीत म्हणते. ते दुसऱ्याच खात्यात पडून असतात. ज्या बायकांना लाडकी बहीणचे 1500 येतात त्यांना ओळखायला सोपं आहे: ज्या खात्यात ते येतात त्याच खात्यात मातृ वंदनाचेही येतील.

जननी सुरक्षेसाठी दवाखाना पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स घेतो. त्यावरचा खाते क्रमांक आणि आयएफएससी (बँकेच्या शाखेचा कोड) स्पष्ट वाचता आला पाहिजे. पुसट झेरॉक्सवर 3 चा 8 होतो. जुन्या सिंडिकेट, आंध्र, कॉर्पोरेशन, अलाहाबाद बँकेची पासबुकं अजून कपाटांत आहेत. 1 एप्रिल 2020 ला या बँका दुसऱ्या बँकांत विलीन झाल्या आणि त्यांचे आयएफएससी बदलले. विदर्भ कोकण ग्रामीण बँकही 1 मे 2025 पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत आली. बँकेतून नवं पासबुक घ्या. दोन वर्षं काहीच व्यवहार नसलेलं खातं निष्क्रिय होतं, शंभर रुपये भरून आणि केवायसी देऊन ते चालू करून घ्या. नवऱ्याबरोबरचं जोडखातं किंवा सासूचं खातं कुठल्याच योजनेला देऊ नका.

माहेरी जाणारी, ऊसतोडीला जाणारी, सीमेपलीकडची

पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत. सासर बार्शी तालुक्यात, माहेर सांगोल्यात, असं असलं की सातव्या महिन्यात ओटी भरून बाई निघते आणि कार्ड मात्र सासूच्या ट्रंकेत राहतं. माहेरच्या गावात पुन्हा नवी नोंदणी होते, दुसरा आरसीएच क्रमांक पडतो आणि एका आधारवर दोन गर्भारपणं दिसू लागतात. मग फॉर्म अडकतो. माहेरी गेल्या गेल्या तिथल्या आशाताईला जुनं कार्ड दाखवा आणि 'हाच क्रमांक चालवा' असं स्पष्ट सांगा. मातृ वंदनाचा पहिला फॉर्म सासरी भरून, त्याची पोच कार्डात ठेवूनच निघा. जननी सुरक्षेचे कागद जिथे बाळंतपण होईल त्या दवाखान्यात द्यायचे.

ऊसतोडीला जाणाऱ्या बाईचं असंच, फक्त अडचण जास्त. दिवाळीच्या सुमाराला कोयता घेऊन टोळी निघते आणि परत येते उन्हाळ्यात. फडात असताना दिवस भरणार असतील तर निघण्याआधी नोंदणी आणि किमान एक तपासणी गावात झालेली हवी. कारखान्याच्या तळावर पोचलं की जवळच्या आरोग्य केंद्राच्या आशाताईला टोळीतल्या गरोदर बायकांची नावं द्या. हे काम मुकादमावर सोडू नका. पिशवी झोपडीत न ठेवता सोबत ठेवा, पाचट पेटतं तेव्हा कागद वाचत नाहीत.

अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, मंगळवेढा या सीमेवरच्या तालुक्यांत सून कर्नाटकातून आलेली असते. तिचं आधार तिकडच्या पत्त्याचं असलं तरी इथे नोंदणी नाकारता येत नाही आणि बाळंतपणही. पण कर्नाटकातलं रेशनकार्ड इथे दारिद्र्यरेषेचा पुरावा म्हणून अडू शकतं, म्हणून तिचं नाव सासरच्या कार्डावर लवकर चढवून घ्या. फॉर्म भरताना तिला कानडीत विचारणारं कुणी सोबत ठेवा. पाळीची तारीख नवऱ्याला ठाऊक नसते.

दवाखाना आणि गाडी आठव्या महिन्यातच ठरवा

साधं, बिनजोखमीचं बाळंतपण प्राथमिक आरोग्य केंद्रात चांगलं होतं. आधीचं सिझेरियन, जुळं, रक्तदाब, हिमोग्लोबिन फार कमी, बाळ आडवं, उंची फार कमी, यांपैकी काही असेल तर थेट मोठा दवाखाना: पंढरपूर किंवा अकलूजचं उपजिल्हा रुग्णालय, नाहीतर सोलापुरातलं सिव्हिल, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय. कळा सुरू झाल्यावर ग्रामीण रुग्णालय, तिथून उपजिल्हा, तिथून सिव्हिल अशी फरफट होते आणि त्यात जाणारे तास जिवावर बेततात. कुठे जायचं हे शेवटच्या तपासणीत डॉक्टरांकडून कार्डावर लिहून घ्या.

गाडीसाठी 102 (घरून दवाखान्यात, एका दवाखान्यातून दुसऱ्यात आणि परत घरी) आणि जीव धोक्यात असेल तर 108. दोन्ही मोफत. तरीही गावातल्या एका जीपवाल्याचा नंबर आशाताईच्या आणि घरातल्या दोन फोनमध्ये ठेवा. रात्री एखादी गाडी दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेलेली असते.

आषाढात तारीख येत असेल तर एक खास तयारी लागते. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी या वाटेने येते. तुकाराम महाराजांची अकलूजकडून बोरगाव, पिराची कुरोलीमार्गे वाखरीला. त्या दिवसांत हे रस्ते तासन्‌तास बंद असतात आणि पंढरपुरात शिरणं अवघड होतं. माळशिरस-पंढरपूर पट्ट्यातल्या बाईने एकादशीच्या आधीच ठरवलेल्या दवाखान्याजवळच्या नातलगांकडे जाऊन राहावं.

रक्त जाणं, फिट, डोकं खूप दुखून अंधारी येणं, हाता-तोंडाला सूज, ताप, पाणी जाणं, बाळाची हालचाल मंदावणं: यातलं काही झालं तर तारखेची वाट बघू नका, निघा.

दवाखान्यात

दाखल होताना कार्ड, आधार आणि दाखला द्या, आणि 'जननी सुरक्षेची लाभार्थी आहे' असं नोंदवहीत लिहायला सांगा. हे राहून गेलं की नंतर नाव शोधत बसावं लागतं.

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे 2011 पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, सगळं मोफत आहे, आणि ते सगळ्या जातींना, सगळ्या उत्पन्नाच्या बायकांना. साध्या बाळंतपणात तीन दिवस आणि सिझेरियननंतर सात दिवस जेवणही. 'मुलगा झाला, पेढ्याचे पैसे द्या' असं कुणी मागितलं तर देऊ नका. आशाताईलाही तुम्ही काही द्यायचं नसतं. तिला खेड्यातल्या जननी सुरक्षेच्या प्रत्येक लाभार्थीमागे सरकारकडून 600 रुपये मिळतात: 300 गरोदरपणातल्या तपासण्या पूर्ण करून घेतल्याचे, 300 दवाखान्यात आणल्याचे. म्हणूनच ती तपासणीला चला म्हणून मागे लागते, आणि ते चांगलंच आहे.

बाळ बाहेर आल्यावर एका मिनिटाच्या आत आईला मांडीत ऑक्सिटोसिनचं 10 युनिटचं इंजेक्शन देतात. त्याने गर्भाची पिशवी आकसते आणि रक्तस्राव आटोक्यात राहतो. बाळंतपणात बाई दगावते त्याचं मोठं कारण रक्तस्रावच, आणि घरी सुईणीकडे हे इंजेक्शन नसतं. बाळाला बीसीजी, पोलिओचा पहिला डोस, हिपॅटायटिस बी आणि व्हिटॅमिन के तिथेच मिळतं. हिपॅटायटिस बीची पहिली लस 24 तासांत पडायला हवी.

म्हणून किमान 48 तास राहा. 'घरी म्हशी आहेत' म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी निघायची घाई असते; रक्तस्रावाचा आणि बाळ थंड पडण्याचा धोका याच दोन दिवसांत सगळ्यांत जास्त असतो.

मुलीचं वय 18 च्या आत असेल तर घरचे घाबरून तिला घरीच ठेवतात, कारण दवाखान्याला पोलिसांना कळवावंच लागतं. कायदा तसा आहे. पण वयामुळे उपचार नाकारता येत नाहीत, आणि कोवळ्या अंगाचं बाळंतपण घरी करणं सगळ्यांत धोक्याचं. तिला न्याच.

सुट्टी मिळताना आणि पुढचे चार महिने

निघण्याआधी तीन गोष्टी हातात घ्या: डिस्चार्ज कार्ड, बाळाच्या लसींची नोंद असलेलं माता-बाल कार्ड, आणि जननी सुरक्षेचे कागद घेतल्याची पोच. पोच म्हणून वेगळा कागद देत नसतील तर डिस्चार्ज कार्डाच्या मागे तारखेसह लिहून सही मागा.

जन्मनोंद जिथे बाळ जन्मलं तिथल्या निबंधकाकडे होते. सिव्हिलमध्ये जन्मलेल्या बाळाची नोंद सोलापूर महापालिकेत, गावच्या ग्रामपंचायतीत नाही. 21 दिवसांच्या आत ती मोफत आणि विनात्रास होते. बाळाचं नाव ठरलं नसलं तरी नोंद करा, नाव नंतर घालता येतं. बारशाची वाट बघू नका. दाखल्यावर आईचं नाव आधारप्रमाणेच लिहायला सांगा, म्हणजे तो गोंधळ पुन्हा उगवणार नाही.

लसी दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना. साडेतीन महिन्यांची लस झाली की त्याच आठवड्यात कार्ड आणि जन्मदाखला घेऊन मातृ वंदनाच्या दुसऱ्या हप्त्याची नोंद करून घ्या. हा हप्ता आपोआप येत नाही. बाळाला ताप येतो म्हणून अडीच महिन्यांची लस चुकवलेली असते आणि 2000 तिथेच थांबतात. नोंद आणि तपासणी सहा महिन्यांच्या आत झाली होती पण पहिला फॉर्म भरलाच नव्हता, तरी बाळ 270 दिवसांचं होईपर्यंत वेळ आहे. दुसऱ्या मुलीच्या 6000 लाही हीच 270 दिवसांची मर्यादा.

फॉर्म आशाताई किंवा अंगणवाडी सेविका भरते. मातृ वंदनाच्या संकेतस्थळावर स्वतःही भरता येतो. नव्या नोंदणीत चेहऱ्याची पडताळणी होते, त्यामुळे बाई स्वतः हजर हवी. पैसे जमा करायचे आहेत म्हणून फोनवर ओटीपी मागणारा माणूस फसवणारा आहे, मग तो बाळाचं नाव बरोबर सांगो की आशाताईचं.

गर्भ गेला किंवा बाळ मृत जन्मलं तरी पुढच्या खेपेला त्या बाईला नवी लाभार्थी धरतात. हे तिला हळू आवाजात पण नक्की सांगा.

पैसे आले नाहीत तर

आधी पासबुक नाही, सीडिंग बघा. पैसे दुसऱ्या खात्यात पडले असतील तर प्रश्न तिथेच सुटला. नसतील तर जननी सुरक्षेसाठी ज्या दवाखान्यात बाळंतपण झालं तिथे, आणि मातृ वंदनासाठी फॉर्म जिथे भरला तिथे जाऊन संगणकावरची स्थिती वाचून दाखवायला सांगा. 'पेंडिंग' असेल तर कुणाकडे, आणि 'रिजेक्ट' असेल तर कोणत्या कारणाने, हे कागदावर उतरवून घ्या. कारण न कळता पुन्हा नवा फॉर्म भरू नका. दुसरा फॉर्म दुबार म्हणून पडतो आणि पहिलाही अडकतो.

तिथे काम झालं नाही तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे, त्यानंतर जिल्हा परिषदेत जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज. माहितीसाठी आणि तक्रारीसाठी 104 हा आरोग्य विभागाचा मोफत क्रमांक आहे. अर्ज साधा असू द्या: बाईचं आधारप्रमाणे नाव, गाव, आरसीएच क्रमांक, बाळंतपणाची तारीख आणि दवाखाना, कोणत्या योजनेचे किती पैसे आले नाहीत. सोबत कार्ड, डिस्चार्ज आणि पासबुकाची झेरॉक्स. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन ती पिशवीत ठेवा, आणि महिन्याने तोच आवक क्रमांक सांगून विचारायला जा.